कोरियन रेस्टॉरंटात वीकेंड ब्रंच: शाकाहारी आजीपासून के-पॉपवेड्या नातीपर्यंत सगळ्यांना न्यायचं असेल तर

मागच्या उन्हाळ्यात सासू-सासरे सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आले होते आणि माझ्या बारा वर्षांच्या लेकीने दुसऱ्याच आठवड्यात जाहीर केलं की आजी-आजोबांना कोरियन खायला न्यायचं. गेलो. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, सासऱ्यांना अंडं चालतं, नवरा आणि पोरगी काहीही खातात, मी मधली. मेनूवर "व्हेजिटेबल सुनदुबू" दिसलं, म्हणजे मऊ टोफूचा रस्सा, वेटरला विचारलं मीट आहे का, तो म्हणाला नाही, सासूबाईंनी दोन चमचे घेतले आणि मग वाटीच्या तळाशी शिंपला निघाला. वेटर खोटं बोलला नव्हता हो, शिंपला त्याच्या हिशेबात मीट नाही. पण त्या दिवशी सासूबाईंनी नुसता भात आणि बार्लीचं पाणी यावर रविवार काढला आणि मला रात्रभर झोप नाही.

त्यानंतर आम्ही पाच-सहा वेळा गेलो, पुढच्या प्रत्येक वेळी सासूबाई पोटभर जेवल्या, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या हिशेबाने लिहिलंय, पण खाण्याचा भाग कुठल्याही गावातल्या कोरियन रेस्टॉरंटला लागू पडेल.

आधी कुठे जायचं ते ठरवा

मॅनहॅटनचं कोरियाटाऊन म्हणजे मुख्यतः ३२वा रस्ता, फिफ्थ अव्हेन्यू आणि ब्रॉडवेच्या मधला तुकडा. जर्सीहून गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंगमध्ये एका माणसाच्या जेवणाचे पैसे जातात. एडिसन, मेट्रोपार्कवरून ट्रेनने पेन स्टेशन, तिथून ३२व्या रस्त्याने सरळ पूर्वेला चालत सुटायचं, हेराल्ड स्क्वेअर ओलांडला की आलंच. जर्सी सिटी-होबोकेनवाल्यांना पाथ ट्रेनचं ३३व्या रस्त्याचं स्टेशन अजून जवळ. एक लक्षात ठेवा, इथे बरीच रेस्टॉरंट्स दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतात, रस्त्यावरून फक्त एक अरुंद दार आणि लिफ्ट दिसते, आम्ही पहिल्यांदा त्याच दारासमोरून तीनदा गेलो. गुडघेदुखीवाले कोणी असतील तर लिफ्ट आहे ना हे आधी विचारून घ्या.

दुसरा पर्याय नदीच्या अलीकडे, पॅलिसेड्स पार्कचा ब्रॉड अव्हेन्यू आणि शेजारचं फोर्ट ली. पॅलिसेड्स पार्कमध्ये २०१० च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त वस्ती कोरियन होती, दुकानांच्या पाट्या बघूनच कळतं. इथलं जेवण घरगुती, आजीच्या हातचं टाइप, आणि ब्रंच असा वेगळा मेनू क्वचितच मिळेल, सकाळपासून तेच भात-रस्सा-भाज्या. खरं तर कोरियन घरांतला जुना नाश्ताही तसाच असतो, भात, सूप आणि बाजूच्या भाज्या, दुपारच्या जेवणासारखाच. सकाळ म्हणजे आचिम, दुपारचं जेवण म्हणजे जॉमशिम, दोन्हीचं मिळून त्यांनी "आजॉम" असा शब्द केलाय, उशिरा उठून एकदाच जेवणाऱ्यांसाठी.

आता "मॉडर्न कोरियन" म्हणजे काय ते पण सांगते कारण इथे गोंधळ होतो. न्यूयॉर्कमध्ये २०११ मध्ये दांजी नावाच्या छोट्या रेस्टॉरंटला मिशेलिन स्टार मिळाला, कोरियन जेवणाला असा स्टार पहिल्यांदाच, आणि २०२४ च्या डिसेंबरात जंगसिकला तीन स्टार मिळाले. पण जंगसिकसारखी ठिकाणं म्हणजे रात्रीचं आठ-दहा कोर्सचं जेवण, माणशी शेकड्यांत डॉलर. तिथे आजी-आजोबा आणि पोरांना घेऊन नाही जायचं. आपल्याला हवी आहेत ती मधली ठिकाणं, जिथे किमची (आंबवलेली तिखट कोबी) घातलेला एग्ज बेनेडिक्ट म्हणजे पावावरचं अंडं, त्यावरच्या हॉलंडेझ सॉसमध्ये गोचुजांग (मिरचीची आंबवलेली पेस्ट), बुलगोगी म्हणजे मुरवून भाजलेलं बीफ घालून परतलेले बटाटे, फ्राइड चिकनबरोबर वॉफल असं काहीतरी मिळतं आणि शेजारी साधं बिबिमबाप, म्हणजे वर भाज्या रचलेला भातही मिळतो. माझं मत विचाराल तर बेनेडिक्ट एकदाच खाऊन बघा, पैसे खर्च करायचे ते बिबिमबाप आणि जॉनवर (जॉन म्हणजे धिरडं, पुढे सांगते).

घरात शाकाहारी जास्त असतील तर डोकं न खाजवता ३२व्या रस्त्यावरच्याच हानगावीला जा, सगळं मांसाहाराशिवाय, बूट काढून खाली बसल्यासारखं जेवायचं. ब्रंचचा गोंगाट नाही, पोरं कंटाळतात, पण सासूबाई तिथे पहिल्यांदा मेनू न घाबरता वाचत होत्या.

बुकिंग

शनिवार-रविवारी १२ ते २ मध्ये गर्दी असते. ११ किंवा साडेअकराचं टेबल घ्या. रेझी, ओपनटेबल ही बुकिंगची अ‍ॅप बघा, तिथे नसेल तर येल्पवर वेटलिस्ट. सगळी माणसं आल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी बसू देत नाहीत आणि बसल्यावर दीड तासाची मर्यादा असते, तेव्हा ज्यांच्या घरातून निघायला उशीर होतो त्यांना अर्धा तास आधीची वेळ सांगायची, हे काही मी शिकवायला नको.

फोन करून विचारायचं, आणि नेमकं विचारायचं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. "इज इट व्हेजिटेरियन" हा प्रश्न बाद. कोरियन जेवणात मासळी दिसत नाही, ती मुरलेली असते. रस्सा बहुतेक वेळा मेलची म्हणजे सुक्या छोट्या मासळीच्या पाण्यात केलेला असतो, जसं आपण कटाच्या आमटीत पुरणाचं पाणी घालतो तसं, दिसत नाही पण सगळी चव त्याची. किमचीत सहसा सेउजॉत म्हणजे खारवलेली कोळंबी किंवा माशाचा आंबवलेला अर्क असतो. आणि कोरियनमध्ये "गोगी" म्हणजे मांस, बोलताना त्यात मासळी-शिंपले धरत नाहीत, त्यामुळे "गोगी नाही" याचा अर्थ मासळी नाही असा होत नाही. माझी चूक नेमकी तिथे झाली होती.

तर फोनवर असं विचारा: एक, रस्सा कशात करता, अँचोव्हीत की भाज्यांत? दोन, किमचीत फिश सॉस किंवा श्रिंप आहे का, व्हीगन किमची मिळते का? तीन, बिबिमबापवर जो लाल सॉस देता तो साधा गोचुजांग आहे की त्यात खिमा आहे? हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, पण गोचुजांगात बीफचा खिमा परतून केलेला सॉस असतो, त्याला याक-गोचुजांग म्हणतात, आणि तो दिसायला अगदी साध्यासारखा. साधा गोचुजांग म्हणजे मिरची, चिकट तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन, मीठ, माल्ट, महिनोन्महिने मुरवलेलं. बीफ न खाणारे घरात असतील तर हे तीन प्रश्न देवाला नमस्कार करून विचाराच.

फोन शुक्रवारी दुपारी तीन-चारला करा. रविवारी साडेबाराला कराल तर पलीकडचा माणूस सगळ्याला हो म्हणून ठेवून देईल.

जैन मित्रमंडळी असतील तर? अवघड आहे, लसूण आणि पातीचा कांदा जवळजवळ सगळ्यात. कोरियन बौद्ध मठांच्या जेवणात मात्र कांदा-लसूण वर्ज्य असतो. मेनूवर "टेंपल फूड" असा शब्द दिसला तर तिथे आशा धरा, विचारून.

बसल्यावर

चमचे-चॉपस्टिक दिसत नाहीत म्हणून हाका मारू नका, टेबलाच्या कडेला खालून ड्रॉवर असतो, त्यात असतात. कधीकधी टेबलवर बटण असतं, दाबलं की वेटर येतो. बटण नसेल तर "योगीयो" म्हणायचं, म्हणजे "इकडे जरा". हे उद्धट नाही, तिथली रीतच आहे. माझ्या लेकीला हा शब्द इतका आवडला की ती आता घरी पण मला योगीयो म्हणून बोलावते. त्यात कोरियन पोरंही आईला ओम्मा आणि बाबांना आप्पा म्हणतात हे कळल्यावर सासरे खूश, कारण त्यांना सांगलीत सगळे आप्पाच म्हणतात.

पाण्याऐवजी कोमट बार्ली टी येईल, भाजलेल्या धान्याचा वास असतो, फुकट असतो. सासूबाईंना तो नाचणीच्या आंबिलाची आठवण करून देतो म्हणाल्या, मला नाही पटलं, पण असो.

बानचान, म्हणजे ताटाची डावी बाजू

ऑर्डर द्यायच्या आधीच किंवा लगेच नंतर छोट्या छोट्या वाट्या येतात. नवीन माणूस घाबरतो की हे आपण मागवलंच नाही, बिलात लावतील. नाही लावत. बानचान जेवणाबरोबर येतंच आणि संपलं तर परत मागता येतं, निदान जुन्या वळणाच्या ठिकाणी. मॉडर्न ठिकाणी हल्ली वाट्या दोन-तीनच देतात किंवा पैसे लावतात, मेनूवर वेगळी किंमत छापली असेल तर समजून जा.

आपल्या ताटात डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं असतं ना, तसंच समजायचं. नुसतं चाखत बसायचं नाही, भाताच्या घासाबरोबर मधे मधे तोंडी लावायचं. पहिल्या वेळी आम्ही भुकेच्या तडाख्यात सगळ्या वाट्या रिकाम्या केल्या आणि मुख्य जेवण आलं तेव्हा तोंडी लावायला काही नाही. जुन्या रीतीत वाट्यांच्या संख्येवरून जेवणाचं नाव ठरायचं, तीन, पाच, सात, नऊ आणि राजाच्या ताटाला बारा, शिवाय भात, सूप, किमची या संख्येत धरत नाहीत. आपण पण वरण-भात पदार्थांत कुठे मोजतो.

शाकाहारी माणसासाठी साधारण सेफ वाट्या: सोयाबीनचे मोड तिळाच्या तेलात, पालक, पिवळा गोडसर मुळा, सोया सॉसमध्ये शिजवलेले बटाटे. तरी विचारून घ्या, काकडीत पण कधी फिश सॉस टाकतात. दोन वाट्यांपासून सावध. एक, चमकदार, गोड-तिखट, कुरकुरीत बारीक काड्या, ती सुकी मासळी, कोकणातल्या सुकटीची चुलत बहीण (सुकट आवडणाऱ्यांनी मात्र ती वाटी पळवाच, अप्रतिम असते). दुसरी, तपकिरी सपाट पट्ट्या, लांबून सोया चाप वाटतात, ते ओमुक म्हणजे माशाचा केक. सासूबाईंचा हात तिकडे गेला होता, लेकीने झडप घालून वाटी उचलली.

ऑर्डर: प्रत्येकाचं वेगळं नाही, टेबलाचं मिळून

आपली सवय, मेनू फिरवायचा आणि "तुला काय, मला हे" करायचं. इथे तसं केलं तर पाच जण पाच प्रकारचे लाल रस्से मागवून बसतात. आमची आताची पद्धत अशी की एकच माणूस ऑर्डर देतो (मी), आणि पाच जणांत साधारण पाच पदार्थ सांगते: एक जॉन, एक नूडल, दोन भाताचे, एक मांसाहारी. त्यातलं निदान तीन सासूबाईंना चाललं पाहिजे.

जॉन म्हणजे धिरडं, दुसरा शब्द नाही. बटाट्याचं गामजाजॉन मागवा, किसलेला बटाटा, मीठ, तव्यावर कुरकुरीत, सोया-व्हिनेगरमध्ये बुडवून खायचं, आणि आमच्याकडे हेच सगळ्यात आधी संपतं. मूग भिजवून वाटून केलेलं बिंदेतोक पण असतं, थेट आपलं मुगाचं धिरडं, पण त्यात पोर्क आणि किमची घालायची रीत आहे, त्याशिवाय करून देतात का ते विचारा. पाजॉन म्हणजे कांद्याच्या पातीचं, त्याच्या आधी "हेमुल" लिहिलं असेल तर सीफूड. किमचीजॉन शाकाहारी नाही, कारण वर सांगितलंय.

नूडलमध्ये जापचे. रताळ्याच्या स्टार्चच्या काचेसारख्या पारदर्शक शेवया, गाजर, पालक, मशरूम. बीफ असतं, ते वगळून मागा. रताळं म्हटल्यावर सासूबाईंनी लगेच विचारलं उपासाला चालेल का. सोया सॉस असतो त्यात, नाही चालणार.

भातात बिबिमबाप, आणि तोही दोलसोत, म्हणजे तापलेल्या दगडी भांड्यातला. दोन डॉलर जास्त पडतात, पडू देत. भांडं इतकं गरम असतं की हात लावला तर फोड येईल, पोरांपासून लांब ठेवा. आल्या आल्या कालवू नका! हीच सगळ्यांची चूक. वर भाज्या छान रचलेल्या दिसतात, फोटो काढा, आणि भाताला दोन-तीन मिनिटं तळाशी चिकटू द्या. मग गोचुजांग घालून चमच्याने तळापासून वर कालवा. तळाला जी सोनेरी खरवड धरते तिला ते नुरुंजी म्हणतात आणि ती शेवटी खरवडून खायची. आमच्या घरात वरण-भाताच्या पातेल्याच्या खरवडीवरून भांडणं झालेली आहेत, त्यामुळे हा भाग समजावून सांगावा लागला नाही. शाकाहाऱ्यांसाठी सांगताना एका दमात सांगा: बीफ नको, अंडं नको, सॉस वेगळा वाटीत. सॉस वेगळा घेतल्याने तिखटाचाही ताबा आपल्याकडे राहतो, तसा गोचुजांग आपल्या माणसाला तिखट लागतच नाही, गोडच लागतो, सासऱ्यांनी हिरवी मिरची मागितली आणि त्यांनी आणून पण दिली, सोबत दोएनजांग, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट.

तोकबोक्की पोरांना हवीच असते कारण प्रत्येक कोरियन सीरियलमध्ये कोणीतरी ती खात असतं. तांदळाच्या चिवट नळ्या, गोड-तिखट लाल सॉस. दिसते शाकाहारी पण रस्सा मासळीचा आणि आत ओमुक, त्यामुळे ती टेबलाच्या पोरांच्या टोकाला.

मांसाहाऱ्यांसाठी फ्राइड चिकन. दोनदा तळतात, म्हणून साल पातळ आणि कुरकुरीत राहतं, यांगन्योम म्हणजे गोड-तिखट सॉस लावलेलं, अर्धं साधं अर्धं सॉसचं असं मागा. टेबलवर भाजायचं गालबी (बरगडीचं मांस) आणि बुलगोगी ब्रंचला मी टाळते. चव भारीच असते हो, पण बऱ्याच ठिकाणी निदान दोन प्लेट घ्याव्या लागतात, कपड्यांना दिवसभर वास, आणि त्याच जाळीच्या धुरात सासूबाईंना बसवणं बरं नाही दिसत.

आजारी किंवा दात नसलेलं कोणी असेल तर होबाकजुक बघा, लाल भोपळ्याची मऊ गोडसर खीर म्हणा हवं तर, त्यात चिकट तांदळाचं पीठ. लहान बाळांनाही चालते.

गोडात होत्तोक मिळालं तर सोडू नका, आत ब्राऊन शुगर, दालचिनी, शेंगदाणे, आपल्या गूळपोळीचं जाडजूड भावंड. पहिला घास जपून, आतला पाक जीभ भाजतो.

खाताना

भात आणि सूप चमच्याने, भाज्या चॉपस्टिकने. चॉपस्टिक धातूच्या आणि चपट्या असतात, चिनी ठिकाणी जमणाऱ्यांनाही इथे घसरतात, काटा मागितला तर कोणी हसत नाही. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, ते श्राद्धाचं लक्षण. वाटी हातात उचलून तोंडाशी नेऊ नका. सगळ्यात मोठ्या माणसाने पहिला घास घेतल्यावर बाकीच्यांनी सुरू करायचं, हे लेकीनेच आम्हाला सांगितलं, एरवी पिझ्झा आला की आजोबांच्या आधी हात घालणारी ती.

पिणं

न्यूयॉर्क राज्यात रविवारी रेस्टॉरंटांना दुपारी १२ च्या आधी दारू देता येत नव्हती, २०१६ मध्ये कायदा बदलून ती वेळ सकाळी १० केली, त्या कायद्याला लोक ब्रंच बिलच म्हणायचे. ब्रंचला सोजू या कडक कोरियन दारूपेक्षा माकगॉली बरी, तांदळाची, ढगाळ पांढरी, साधारण ६ ते ८ टक्के, जॉनबरोबर तिचीच जोडी. बाटली उघडायच्या आधी हलक्या हाताने उलटीपालटी करा, गाळ खाली बसतो. मोठ्यांना ओतताना आणि त्यांच्याकडून घेताना दोन्ही हात लावायचे. जर्सीत बऱ्याच ठिकाणी लायसन्स नसतं, तिथे आपली बाटली नेता येते, फोनवरच विचारा. न पिणाऱ्यांना युजाचा चहा, संत्र-लिंबाच्या जातीचं फळ मधात मुरवलेलं, किंवा सुजोंगवा, आलं-दालचिनीचं थंड पेय, जे सासऱ्यांना काढा वाटलं पण त्यांनी दोन ग्लास घेतले.

बिल आणि उरलेलं

मेनूवरच्या आकड्यावर न्यूयॉर्क शहरात ८.८७५ टक्के टॅक्स आणि १८ ते २० टक्के टिप. म्हणजे १५० डॉलरचं खाल्लं तर १३.३१ टॅक्स, ३० टिप, १९३ च्या पुढे. सहा किंवा जास्त माणसं असतील तर टिप बऱ्याचदा बिलातच लावलेली असते, बघून घ्या नाहीतर दोनदा द्याल. जर्सीत टॅक्स ६.६२५. उठताना "जाल मोगोस्सुमनिदा" म्हणा, म्हणजे छान जेवलो, काउंटरवरच्या मावशी एकदम खुलतात आणि आमच्या लेकीला त्यांनी मूठभर गोळ्या दिल्या.

उरलेलं जरूर पॅक करा. जॉन दुसऱ्या दिवशी तव्यावर गरम करायचं, मायक्रोवेव्हमध्ये चामडं होतं. तोकबोक्की नेऊ नका, नळ्या दगडासारख्या होतात. आणि किमची घेतलीत तर डब्याला वरून दोन पिशव्या, गच्च गाठ मारून. आम्ही एकच पिशवी घातली होती आणि पेन स्टेशनपासून मेट्रोपार्कपर्यंत आमच्या शेजारच्या सीटवर कोणीही बसलं नाही.